चेहरा पूर्ण करू का?

बेळगावात शहापूर भागातला एक निवृत्त पोस्टमन सकाळी हिरव्या लुगड्याला इस्त्री करतो, त्याची चौघडी घालतो आणि कापडी पिशवीत ठेवतो. लुगडं नेसणारी बाई जाऊन अकरा वर्षं झाली आहेत.

·

संकेश्वरी मिरची तीन किलो, ब्याडगी एक. धणे भाजून. खोबरं किसून, पण तेलात नाही. लवंगा मोजून एकवीस. कुणापुढं मोठ्यानं बोलायचं नाही.

·

"तुमच्या व्हिडिओमध्ये चेहऱ्याचा ६२ टक्के भाग झाकलेला आहे. चेहरा पूर्ण करू का? होय / नाही."

·

जत तालुक्यातल्या एका शाळेत बाईंनी पहिलीच्या मुलांना विचारलं, घरी कोण कोण असतं? एका मुलीनं आई, पप्पा, दादा सांगितलं, थोडं थांबली आणि म्हणाली, "आणि फोनातली आजी. ती चटणी विकते."

·

मुसळ खाली येतं तेव्हा आवाज होतो. वर जाताना होत नाही. तीस वर्षं त्याच्याजवळ उभं राहिलेल्या माणसाला वर जाणारंच ऐकू यायला लागतं.

·

"आई, आज दमलेली वाटलीस." ही एका व्हिडिओखालची कॉमेंट. लिहिणाऱ्याचं गाव परभणी. व्हिडिओतली बाई परभणीला कधी गेलेली नाही आणि तिला मुलगा नाही.

·

ती बाई म्हणजे कलावती मगदूम. गडहिंग्लजच्या बाजारपेठेमागच्या बोळात तिचं मिरची कांडप होतं. पत्र्याची शेड, चार लोखंडी मुसळं, खाली चार उखळं आणि पट्टा सुटला की शिव्या घालत तो चढवणारा नवरा, रावसाहेब. तिला सगळे कलाक्का म्हणत. साल फार लांबचं समजू नका. फोन पातळ झाले होते, बसगाड्या विजेवर धावत होत्या, मिरचीचा ठसका मात्र तोच होता.

कांडपाचा धंदा मुसळावर चालतो असं लोकांना वाटतं. तो चालतो तोंड बंद ठेवण्यावर. प्रत्येक घराच्या चटणीचं प्रमाण वेगळं. बायका भाजलेला मसाला डब्यात घालून आणत, कानाशी येऊन प्रमाण सांगत आणि कुटून होईपर्यंत उखळाशेजारी बसून राहत. कलाक्काच्या डोक्यात अशी चारशेच्या वर घरं होती. एखादी सासू अचानक गेली, की महिन्याभरानं सून खाली मान घालून येई आणि विचारी, "अक्का, आत्याबाईंचं काय काय होतं?" मग कलाक्का बाकीच्या बायकांना बाहेर बसवून तिच्या कानात सांगे. हे सगळं कागदावर कधी आलं नाही. आणायचं नसतंच.

पण भाजण्या-निवडण्याची हौस कमी झाली, पाकिटं स्वस्त झाली. एका उन्हाळ्यात चारापैकी दोनच मुसळं चालवावी लागली. पुण्याला नोकरीला असलेली लेक, अन्विता, दरवर्षीसारखी हंगामात आठ दिवस आली होती. तिनं ते बघितलं आणि आईच्या फोनवर 'ग्राहकसखा' नावाची सेवा चालू करून दिली.

"तू फक्त काम करताना रोज दोन मिनिटं शूट कर. बोल काहीतरी. कापणं, जोडणं, गाणं घालणं, कुणाला दाखवायचं हे सगळं ते करतंय. शिवाजी चौकातला टेलर नाही का, त्याचंच बघ."

"बोलू काय?"

"बायकांशी बोलतेस तेच. आणि आई, तोंडावरचं फडकं काढ की."

"मिरची उडत असताना? डोळं न्हाईत ऱ्हायचं माझं."

"मग मशीन बंद करून शूट कर."

"बंद मशीनसमोर उभी राहून काय दाखवू, माझं तोंड?"

रावसाहेब पट्ट्याला मेण लावता लावता म्हणाले, "ते दाखवलंस तर हाय ते गिऱ्हाईक बी जाईल."

चूक झाली ती इथं, आणि ती फक्त कांडपवालीच करू शकते. न्हाव्यानं, टेलरनं, चहावाल्यानं आपापला चेहरा दाखवला. कलाक्काचे चाळीसच्या चाळीस व्हिडिओ नाकावरून गळ्यापर्यंत घट्ट बांधलेल्या फडक्यात निघाले. वर दोन डोळे, कपाळ, कुंकू. मग सेवेनं विचारलं, चेहरा पूर्ण करू का? फोटो स्टुडिओत पूर्वी गालावरचा डाग पुसून देत, तसंच काहीतरी असेल म्हणून तिनं होय दाबलं. आठ दिवसांनी दुसरा आला: "फडक्यामुळे बोलणं अस्पष्ट येतं. बोलणं पूर्ण करू का?" तेही होय.

तिच्या स्वतःच्या फोनवर काहीच बदललं नाही. तीच शेड, तेच फडकं. व्हिडिओ टाकणाऱ्याला स्वतःचा मूळ व्हिडिओच दिसे.

·

पहिल्यांदा कागलची एक बाई आली. गाडी करून, दोन पोती मिरची घेऊन. कलाक्काकडे बघतच राहिली.

"अक्का, जरा फडकं सोडता?"

कलाक्काला बरं वाटलं. एवढ्या लांबून कुणी तोंड बघायला आलंय. तिनं मुसळं थांबवली, गाठ सोडली, घाम पुसला आणि हसली.

त्या बाईची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, इकडून तिकडं फिरली, काहीतरी हुडकलं, सापडलं नाही आणि हळूच मिरचीच्या पोत्यावर जाऊन बसली.

"कुटायला घ्या," ती म्हणाली.

मग निपाणीचे आले. मग सांगोल्याचे. सगळ्यांचं तेच. बोळातून येताना चालण्यात घाई, शेडच्या दारात पाय घुटमळायचे, मग ती नजर, मग पोतं. कुटून नेणारे कमी आणि कुरिअरनं तयार चटणी मागवणारे जास्त झाले. चारही मुसळं चालू झाली. बोळात गाड्या लागू लागल्या. रावसाहेबांनी पाचवं मुसळ सांगलीहून आणलं आणि त्याला हार घातला.

"तुझं तोंड बघून लोकं नाराज होत्यात खरं," ते म्हणाले, "पण माल नेत्यात. मला तर माल बी मिळाला न्हाई."

"गप बसा."

ती हसली. पण हसताना तिचा हात आपोआप गालाकडे गेला. काही लागलंय का ते चाचपायला.

·

बेळगावचा पोस्टमन फाल्गुनात आला. यल्लाप्पा कंग्राळकर. साठीचा, हडकुळा, शर्टाची वरची गुंडी लावलेला. त्यानं मिरची आणली नव्हती. पिशवीतून हिरवं लुगडं काढून पोत्यांच्या थप्पीवर ठेवलं.

"आणलंय," तो म्हणाला.

"काय हो?"

"तुम्हीच विचारत होता न्हवं. तीन दिवस झालं. यल्ल्या, माझं हिरवं लुगडं कुठं ठेवलंस? ट्रंकेतच होतं. कसर लागलेली न्हाई."

कलाक्कानं रावसाहेबांकडे बघितलं. रावसाहेबांनी मशीन बंद केलं.

"मी न्हाई विचारलं दादा. मी तुम्हाला वळखत बी न्हाई."

यल्लाप्पानं फोन काढून समोर धरला. त्यावर तिचंच कांडप. तिचे हात, उजव्या मनगटावरचा भाजल्याचा वण. उखळातून चटणी वर उडतेय. मग व्हिडिओतल्या बाईनं, म्हणजे तिनंच, तिनं कधीही केली नव्हती अशी गोष्ट केली: एका हातानं फडकं खाली ओढलं. खाली एक म्हातारी होती. बसलेले गाल, नाकात चमकी, खालचा एक दात पडलेला. डोळे कलाक्काचे.

"यल्ल्या," म्हातारी म्हणाली, "उन्हातनं आलास व्हय? चटणी संपली असंल तुझी. ये घेऊन जा."

शेडमध्ये बसलेल्या दोघी-तिघी बायका उठून जवळ आल्या आणि बघून परत जागेवर जाऊन बसल्या.

"आईचं प्रमाण सांगा," यल्लाप्पा म्हणाला. "ती गेली, मग बायकोनं लई करून बघितलं. ती चव न्हाई आली. तुम्हाला ठावं असणार."

त्याची आई गडहिंग्लजला कधी आली नव्हती. चारशे घरांत ते घर नव्हतं. नाही म्हणायला कलाक्कानं तोंड उघडलं आणि समोर तो लुगड्यावरून हात फिरवत उभा होता. मग तिनं आयुष्यात न केलेली गोष्ट केली. बायकांना बाहेर बसवलं, त्याच्या कानाशी गेली आणि स्वतःच्या घरचं प्रमाण त्याच्या आईचं म्हणून सांगून टाकलं.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. तो रडत होता. "तीच, अक्का. अगदी तीच."

·

कलाक्कानं ग्राहकसखाच्या मदत केंद्राला फोन लावला. मृण्मयी नावाची मुलगी बोलली. आवाज गोड, पाठ केलेला. तिनं जे सांगितलं ते साध्या शब्दांत असं.

पूर्वी व्हिडिओ म्हणजे इकडून तिकडं गेलेलं आख्खं चित्र. ते जड. रेंज रडतखडत येणाऱ्या गावात ते अडकायचं. मग फोन इतके हुशार झाले की आख्खं चित्र पाठवायची गरज उरली नाही. डोळ्यांचे कोपरे कुठं आहेत, भुवई किती उचलली, मान किती वळली, असे शे-सव्वाशे ठिपके तेवढे पाठवायचे. बाकी चेहरा बघणाऱ्याचा फोन जागच्या जागी रंगवतो. व्हिडिओ कॉलसुद्धा असेच चालत. फरक कळत नसे, कारण फोनकडे त्या चेहऱ्याचा नमुना असे.

कलाक्काच्या व्हिडिओंबरोबर मात्र तिच्या चेहऱ्याचा नमुनाच गेला नव्हता. फडक्याच्या जागी काय भरायचं ते ज्याच्या त्याच्या फोनवर सोडलेलं, आणि फोनला एकच काम शिकवलेलं: बघणाऱ्याचा अंगठा थांबला पाहिजे. फोन एक नाक लावून बघे. दुसरं लावून बघे. अंगठा कशावर अर्धा सेकंद जास्त रेंगाळला ते लक्षात ठेवी. त्याच्या पोटात मालकाचे लग्नातले, बारशातले, दवाखान्यातले फोटो होतेच. दोन-तीन आठवड्यांत तो त्या चेहऱ्याशी येऊन थांबे, ज्याच्यासाठी हा माणूस हातातलं काम टाकून देतो. बोलण्याचंही तसंच. हा चेहरा फोनच्या बाहेर कुठंच जात नव्हता. कंपनीलाही दिसत नव्हता. कुणाचा फोटो कुणी कुणाला दिलेला नव्हता. कायद्याला धरून होतं.

"म्हणजे माझ्या जागी हज्जार बायका हायत," कलाक्का म्हणाली.

"एकोणचाळीस हजार, मॅडम. काही ठिकाणी पुरुषही आहेत."

·

त्या दिवशी दुपारी जेवताना तिनं नवऱ्यापुढं हात केला. "फोन बघू तुमचा."

रावसाहेब भाकरी मोडत राहिले. "जेव आधी."

"कोण दिसतंय तुम्हाला?"

"आमची थोरली भैन. सुशीलाक्का," ते म्हणाले. "जाऊन तीस वर्षं झाली, अजून दरडावतीया. पट्ट्याला मेण लाव म्हणती."

"मी न्हाई?"

"तू समोर बसलीयास की. तुला बघायला फोन कशाला लागतोय?"

हे उत्तर चांगलं होतं. तिला ते दिवसभर पुरलंही. दुसऱ्या दिवशी पुरलं नाही. शेजारच्या किराणावाल्याकडे, दूधवालीकडे, बँकेतल्या मॅनेजरकडे बघताना ती मनात म्हणू लागली, ह्याच्या फोनात कोण असंल? बोळात हे आता सगळ्यांनाच कळलं होतं. नवराबायको एकमेकांचे फोन तपासत. कोपऱ्यावरच्या शिंप्याची बायको महिनाभर माहेरी जाऊन राहिली, का ते कुणी विचारलं नाही. कलाक्का बाजारातही फडकं बांधूनच जाऊ लागली. तसं गेलं की लोक ओळख दाखवत.

·

अन्विताचा फोन पूर्वी रोज संध्याकाळी यायचा. मग एक दिवसाआड. मग रविवारी. मग एक रविवार चुकला. पाडवा झाला तसा कलाक्कानं स्वतःच व्हिडिओ कॉल लावला. दिवसभर कुटून डोळे सुजले होते, केसांवर लाल धूळ बसली होती, तिला तीन दिवस ताप होता.

"आई! किती छान दिसतेस आज. केस धुतलेस का?"

"केस?" कलाक्कानं डोक्याला हात लावला. बोटं लाल झाली. "अन्वी, मला नीट बघ. मी कशी दिसतीया?"

"छान दिसतेस म्हटलं ना."

"बरं. येणार कवा? मिरची आलीया. निवडायला कोण न्हाई."

"यंदा नाही ना येत. तूच म्हणालीस, दगदग करू नकोस, मी बघते."

"मी कवा म्हटलं?"

"परवा. कालपण." मग ती थोडी हसली. "म्हणजे रीलमधे. मला कळतं गं, ते कसं बनतं ते. मीच चालू करून दिलंय. पण तूच आहेस त्यात. माझ्याकडं दुसरं कुणी नाही येत, तूच येतेस."

हे ऐकून कलाक्काचा ऊर भरून आला, खोटं कशाला बोला. एकोणचाळीस हजारांत एका फोनात ती होती. आणि तो तिच्या लेकीचा होता.

"कशी असती मी त्यात?" तिनं विचारलं.

"अशीच. म्हणजे..." अन्विता शब्द शोधू लागली. "मी शाळेत होते तेव्हाची. घाईत नसतेस. मी बोलायला लागले की मशीनकडं बघत नाहीस."

"आणि फोन का करत न्हाईस मला?"

"रोज बघते की तुला."

·

मृण्मयीनं हेही समजावून सांगितलं. जो बघणारा माल विकत घेतो, त्याला व्हिडिओ 'ये' म्हणतो. जो घेत नाही, त्यानं निदान बघत राहावं. लेकीला आईची चटणी फुकट मिळते, ती विकत कशाला घेईल? आणि माणूस प्रत्यक्ष भेटून आला की पुढचे काही आठवडे त्याचं बघणं कमी होतं, असं आढळलंय.

"म्हणून तिला येऊ नको म्हणतंय?"

"आम्ही काही म्हणत नाही, मॅडम. तिच्यासाठी जे परिणामकारक ठरतं ते आपोआप निवडलं जातं. खरं तर तुमची मुलगी तुमची सर्वांत नियमित प्रेक्षक आहे. अभिनंदन."

कलाक्कानं फोन ठेवला. पाचही मुसळं चालू होती. वर जाणारी तिला ऐकू येत होती.

बंद करणं सोपं होतं. ज्या पानावर होय दाबलं होतं त्याच पानावर नाही होतं. त्याखाली लहान अक्षरांत लिहिलेलं: अंदाजे ९४ टक्के प्रेक्षक कमी होतील. तिनं रावसाहेबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"पाचवं मुसळ परत न्यायला सांगू म्हणतेस."

"ती यायची थांबलीया हो."

"दिसलं मला." त्यांनी चष्मा पुसला. "सुशीलाक्कानं पट्ट्याचं सांगितलेलं बराबर हुतं, एवढंच."

त्याच आठवड्यात यल्लाप्पा आला. या वेळी मिरची घेऊन. मुसळाशेजारी बसून राहिला, नियमाप्रमाणं. आपण हे बंद करतोय, असं कलाक्कानं त्याला सांगितलं. प्रमाण खोटं होतं तेही सांगणार होती, पण त्यानं आधीच हात जोडले.

"अक्का, मी तिला एकदा पोचवून आलोय," तो म्हणाला. "परत न्यायला लावू नका."

तिनं त्याची चटणी पिशवीत भरली, पिशवीचं तोंड बांधलं, हातात दिली.

मग तिनं अन्विताला साधा फोन लावला. चित्र नाही, नुसता आवाज.

"बंद करतीया मी ते."

"धंदा बसेल, आई."

"बसू दे."

"आई, नको ना." तिचा आवाज लहान झाला होता, तापात व्हायचा तसा. "ती काय वाईट करते कुणाचं? मी ऑफिसातून येते, ती विचारते जेवलीस का. तू कधी विचारलंस? तू विचारतेस, पैसे पुरतायत का. नको बंद करू तिला."

"अन्वी, ती मीच न्हाई का?"

"हो," अन्विता म्हणाली. "म्हणून तर."

कलाक्का शेडमध्ये एकटीच उभी होती. मिरचीची धूळ उन्हाच्या तिरिपेत लाल दिसत होती. तिनं नाही दाबलं. फोननं विचारलं, नक्की? तिनं परत दाबलं.

·

व्हिडिओ त्यानंतरही रोज जात राहिला. त्यात एक बाई फडकं बांधून चटणी कुटते. बस्स. पहिल्या दिवशी खाली बाराशे कॉमेंट आल्या. बहुतेकांत एकच शब्द होता: कुठे? कुणी शिव्या दिल्या. परभणीहून कुणीतरी रोज सकाळी एक नमस्काराचं चित्र पाठवत राहिलं, दहा दिवस, मग ते थांबलं. जतहून एका बाईनं विचारलं, आमच्या मुलीला काय सांगू? बोळातल्या गाड्या गेल्या. पाचवं मुसळ सांगलीला गेलं, मग चौथं बंद पडलं.

अन्विता मात्र आली. न कळवता, रविवारी, साडेदहाच्या बसनं.

त्या दिवशी कांडप बंद होतं. शेड धुऊन काढलेली, दारं उघडी, धुळीचा कण नाही. कलाक्का ओट्यावर मिरचीचे देठ काढत बसली होती. तोंड मोकळं, केस धुतलेले. लेक बोळाच्या तोंडाशी दिसली तशी ती उठली, पदराला हात पुसले आणि दोन पायऱ्या उतरून खाली आली.

"आलीस? आगं, कळवायचं तरी. बाबा आणायला आलं असतं."

"सुट्टी मिळाली अचानक."

"वाळलीस गं."

"नाही गं, तेवढीच आहे."

अन्वितानं पिशवी ठेवली, चप्पल काढली, पाया पडली. समोर गोणपाटाचं बसकूर ओढून बसली आणि मूठभर मिरची घेतली. तिचा हात लहानपणापासून बसलेला होता, देठ कटाकट तुटत होते. रावसाहेब आतून चहा घेऊन आले, दोघींपुढं ठेवला आणि बाजाराच्या कामाला निघून गेले.

"प्रवास बरा झाला?"

"हो."

"नोकरी?"

"ठीक."

"खोलीत ती दुसरी पोरगी होती, नगरची. ती हाय अजून?"

"आहे."

कलाक्का एकेक प्रश्न काढत होती आणि अन्विता एकेक शब्द देत होती. ती मिरचीकडे बघत होती. बशीकडे बघितलं, पायरीवरच्या मांजराकडे बघितलं. एकदा तिनं मान वर केली, आईच्या तोंडावर नजर टाकली, आणि ती नजर तिथं फार थोडा वेळ राहिली. कलाक्काला आपल्या ओठांचं काय करावं ते कळेना. ती हसली. मग हसू आवरलं.

"जेवलीस का?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं पाठ करून ठेवला होता.

अन्विताचे हात थांबले. तिनं डोळे घट्ट मिटले, जणू आवाज दुसरीकडून यावा अशी वाट बघत होती. मग उघडले.

"आई," ती म्हणाली, "फडकं बांध की. ठसका लागेल."

"मशीन बंद हाय."

"असू दे. तरी बांध."

कलाक्कानं खांद्यावरचं फडकं घेतलं. नाकावरून गळ्यापर्यंत आणलं, मागं गाठ मारली, रोज मारते तशी, दोन वेढे देऊन. वर दोन डोळे राहिले.

अन्वितानं वर बघितलं. तिचे खांदे खाली आले. बसकूर ओढून ती जवळ सरकली, एवढी की गुडघ्याला गुडघा लागला, आणि बोलायला लागली. नगरच्या पोरीचं लग्न ठरलंय. ऑफिसातल्या एका मुलाचं तिनं अजून कुणाला सांगितलं नाही, त्याचं घर इस्लामपूरकडं आहे, त्याला तिखट सोसत नाही. ती हसली, आईच्या मांडीवर हात ठेवला, मध्येच चिडली, परत हसली. मिरचीचा ढीग संपत आला, ऊन पायरीवरून खाली गेलं, तरी ती बोलत होती. कलाक्का फडक्याआडून हूं म्हणत होती. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं ते मिरचीवर ढकललं.

नऊ महिन्यांची अन्विता कांडपामागच्या खोलीत पाळण्यात असायची, आणि पाजायला आलेल्या आईनं फडकं सोडलं की रडायची.